शस्त्र की औषध? : अवटुग्रंथीच्या चिकित्सेचा इतिहास आणि गिनीपिग

(१) प्रश्नाची मांडणी

इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावरील गावी एखाद्या कुटुंबाने हौसेने गिनीपिग पाळला आहे, अशी कल्पना करावी. प्राणी चार वर्षांचा आहे. गेल्या दोन महिन्यांत त्याचे खाणे वाढले आहे, परंतु वजन मात्र सारखे उतरत आहे. तो पूर्वीपेक्षा अस्वस्थ झाला आहे, पाणी अधिक पितो, अंगावरचे केस विरळ होत आहेत, आणि गळ्याच्या खालच्या बाजूस बोटाला एक लहानशी गाठ लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची घडण गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या गरजांवरून झालेली. तेव्हा घरची मंडळी प्राण्याला टोपलीत घालून नाशकास नेतात, किंवा आगगाडीने थळ घाट उतरून मुंबईस नेतात. तेथे त्यांस सांगण्यात येते की, हा अवटुग्रंथीचा, म्हणजे व्यवहारात जिला आपण थायरॉइड म्हणतो त्या ग्रंथीचा विकार असावा. उपाय दोन आहेत : गाठ कापून काढणे, अथवा प्राणी जगेल तोवर रोज औषध देणे. कोणता पत्करावयाचा, हे मालकांनी ठरवावे.

इतिहासाच्या अभ्यासकाने या घरगुती अडचणीकडे लक्ष का द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ‘शस्त्र की औषध’ हा नेमका प्रश्न माणसाच्या अवटुग्रंथीबाबत दीर्घ काळ विचारला गेला आहे, आणि त्याची उत्तरे काळोकाळी बदलली आहेत. ती का बदलली याचा शोध घेतल्यास असे दिसते की, केवळ नवे औषध निघाले किंवा शल्यवैद्याचा हात सुधारला म्हणून ती बदलली नाहीत. कोणत्या अपायाची भीती अधिक वाटावी आणि शरीरात काय घडत आहे ते मोजता कसे यावे, या दोन गोष्टींनी प्रत्येक वेळी निर्णयाचे पारडे फिरविले. यांपैकी दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे मोजमापात, गिनीपिगाचा स्वतःचा वाटा फार मोठा आहे. ज्याच्या गळ्यातील ग्रंथीने माणसाच्या ग्रंथीचे माप दिले, तोच प्राणी आज रुग्ण म्हणून समोर आला असता त्याचे माप घेण्याची साधने तोकडी पडतात. ही विसंगती कशी उत्पन्न झाली हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

(२) सुश्रुताचा निकष

आपल्याकडील जुन्या वैद्यकग्रंथांत गळ्यावरील सुजेला ‘गलगंड’ अशी संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात आला असून, गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार मानले आहेत. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात त्यांचे उपचार सांगितले आहेत. विसाव्या शतकात या संहितेचा जो पाठ अभ्यासकांच्या हाती सर्वत्र गेला, तो यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेला व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेला होय. त्याची १९३८ ची आवृत्ती आजही प्रमाण म्हणून वापरली जाते.

येथे सावधगिरीची एक सूचना करणे अवश्य आहे. गलगंड म्हणजे आजच्या अर्थाने अवटुग्रंथीचा विकार, असे सरळ समीकरण मांडणे युक्त नव्हे. प्राचीन वैद्यांनी बाहेरून दिसणाऱ्या सुजेचे वर्गीकरण केले; तिच्या आत अमुक कार्य करणारी ग्रंथी आहे, ही कल्पना त्यांच्यापुढे नव्हती. मेदोज प्रकारात त्यांनी ज्याला मेद म्हटले, तो कित्येकदा साध्या चरबीच्या गाठीतला पदार्थही असू शकेल. तेव्हा संहितेत आधुनिक शोधांची पूर्वसूचना शोधण्याचा मोह टाळून, निर्णय कोणत्या पद्धतीने केला जात असे एवढेच पाहावे.

ती पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. वातज व कफज प्रकारांत शेक, पोटीस, रक्तविस्रावण, लेप आणि औषधी तेले यांवर भिस्त आहे. मेदोज प्रकारात शिरावेध, लेप इत्यादी उपाय सांगून झाल्यावर शस्त्राने गाठ चिरून, मेद काढून, जखम शिवण्याचा पर्याय येतो. म्हणजे शस्त्र हे निषिद्ध नाही. पण ते सरसकट नाही आणि पहिलेही नाही. याहून महत्त्वाचा भाग असाध्यतेच्या लक्षणांचा आहे. ज्या रोग्याला श्वास कष्टाने घ्यावा लागतो, ज्याचे सर्व अंग मऊ पडले आहे, ज्याचा रोग वर्षाहून जुना आहे, ज्याची अन्नावरची वासना गेली आहे, जो क्षीण झाला आहे आणि ज्याचा आवाज फुटला आहे, त्याला वैद्याने हाती धरू नये, असा तेथे दंडक आहे. श्वास, आवाज, वजन, भूक आणि रोगाचा काळ या पाच गोष्टी उपकरणावाचून कळणाऱ्या आहेत. मोजमापाचे दुसरे साधन नसताना निर्णय कशावरून करावा, याची ही यादीच म्हणावयास हरकत नाही. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

(३) शस्त्राचा उत्कर्ष आणि त्याची किंमत

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवटुग्रंथीवरील शस्त्रक्रिया ही जवळजवळ मरणाची वाट समजली जात असे. या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा विलक्षण मोठा असतो. चाकू लागताच रक्तस्राव आटोक्याबाहेर जाई, आणि त्यातून वाचलेला रोगी पुढे जखम चिघळून दगावे. थिओडोर बिलरोट या प्रख्यात शल्यवैद्याने झुरिच येथे केलेल्या वीस शस्त्रक्रियांपैकी आठ रोगी दगावले. त्यानंतर त्याने कित्येक वर्षे हे काम बाजूस ठेवले. पुढे निर्जंतुक पद्धती व रक्तवाहिन्या धरण्याचे चिमटे हाती आल्यावर त्याने व्हिएन्नात ते पुन्हा आरंभिले, आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा दहाच्या खाली आले.

या क्षेत्रातील दुसरा थोर पुरुष म्हणजे बर्नचा थिओडोर कोखर. आल्प्सच्या खोऱ्यांत गलगंडाचा रोग घरोघर असल्यामुळे त्याला रोग्यांची वाण नव्हती. त्याने आयुष्यात पाच हजारांहून अधिक अशा शस्त्रक्रिया केल्या आणि अखेरीस मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्याला याच कार्याबद्दल मिळाले. तथापि त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत बोधप्रद घटना ही त्या यशाची नसून १८८३ मधील एका कबुलीची आहे. आपण संपूर्ण ग्रंथी काढलेल्या जुन्या रोग्यांना त्याने पुन्हा बोलावून तपासले. आलेल्या अठरांपैकी सोळा जणांची अवस्था शोचनीय होती. चेहरा सुजलेला, हालचाल मंद, बुद्धी जड. लहान मुलांची तर वाढच खुंटलेली. जिनीव्हाच्या रेव्हर्दें यानेही आदल्या वर्षी असाच अनुभव नोंदविला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, जखम सुरेख भरली होती, आणि तरी रोगी बिघडला होता. ग्रंथी निरुपयोगी नसून तिच्यावाचून शरीर चालत नाही, हे ज्ञान अशा रीतीने हाती आले.

बिलरोटच्या रोग्यांत मात्र वेगळा अपाय दिसे : हातापायांचे वेदनामय आकुंचन, म्हणजे धनुर्वातासारखे झटके. अमेरिकन शल्यवैद्य हॉल्स्टेड याने दोघांचेही काम जवळून पाहिले होते. त्याने पुढे या फरकाची मीमांसा केली ती अशी : कोखर संथपणे, रक्त न सांडता, ग्रंथीच्या पदरालगत काम करी, त्यामुळे ग्रंथी पूर्ण निघे, पण शेजारचे भाग शाबूत राहत. बिलरोट झपाट्याने काम करी. त्यामुळे ग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण शेजारचे काहीतरी निघून जाई. हे ‘काहीतरी’ म्हणजे परावटुग्रंथी. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणाऱ्या या इवल्याशा ग्रंथी रिचर्ड ओवेन याने १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात प्रथम पाहिल्या होत्या. १८८० मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रोमने त्या माणसात दाखविल्या. त्यांचे कार्य लक्षात येण्यास शतकाची अखेर उजाडली. गळ्यात शस्त्र घालताना रक्तस्राव, स्वरतंतूंची नस आणि परावटुग्रंथी ही तीन भये तेव्हापासून शल्यवैद्याच्या मनात कायमची बसली.

(४) औषधाचा उदय, आणि तिसरी वाट

ग्रंथी काढल्याने रोग होतो, तर ग्रंथी दिल्याने तो बरा व्हावा, हा विचार स्वाभाविक होता. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे याने मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क एका मध्यमवयीन रोगी स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला आठशे सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क द्यावा लागला. रोज घ्यावयाचे, आजन्म घ्यावयाचे औषध ही कल्पना आधुनिक वैद्यकात रुजविण्यास या एका उदाहरणाने मोठे साहाय्य केले. १९१४ मध्ये केंडॉलने थायरॉक्सिन हा या ग्रंथीचा अंतःस्राव शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, आणि १९२० नंतरच्या दशकात हॅरिंग्टनने त्याची घडण उलगडून तो प्रयोगशाळेत बनविला.

हा झाला ग्रंथी मंदावल्याचा उपचार. ती प्रमाणाबाहेर चालू लागली, तर बराच काळ शस्त्रावाचून गत्यंतर नव्हते. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील प्लमरने शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीन दिल्यास धोका पुष्कळ कमी होतो असे दाखविले. औषधाने शरीर शांत करावे आणि मग शस्त्र चालवावे, ही जोडवाट तेव्हापासून सुरू झाली. ग्रंथीचे काम थेट रोखणारी औषधे उंदरांवरील प्रयोगांत जवळजवळ अपघाताने सापडली, आणि १९४३ मध्ये अॅस्टवुडने ती माणसास दिली. मेथिमाझोल आणि १९५१ मध्ये लंडनमध्ये तयार झालेले कार्बिमाझोल ही त्यांतली टिकलेली नावे. या औषधांना गळ्यात चीर घ्यावी लागत नाही. पण ती थांबविल्यावर रोग पुष्कळदा उलटतो, आणि क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटून जीव धोक्यात येतो. १९४१ मध्ये बोस्टनच्या सॉल हर्ट्झने किरणोत्सर्गी आयोडीन देऊन पाहिले. ग्रंथी आयोडीन वेचून घेते, आणि त्या आयोडीनचे किरण तिला आतूनच निकामी करतात. चीर न घेता शस्त्राचे काम करणारा हा उपाय होय.

महाराष्ट्रात या उपायाची परंपरा परळास सुरू झाली. तुर्भे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली व १९६० मध्ये दुसरी, अधिक शक्तीची. तेथे किरणोत्सर्गी आयोडीन तयार होऊ लागले. त्याची तीव्रता सुमारे आठ दिवसांत निम्मी होते. म्हणून ते दूरदेशाहून मागविण्यापेक्षा जवळ बनणे यालाच व्यवहारात अर्थ होता. १९६३ मध्ये अणुशक्ती खात्याने परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले, आणि अवटुग्रंथीचे निदान व उपचार हा त्याच्या कामाचा एक प्रमुख भाग बनला. इगतपुरीच्या रोग्याला शस्त्र, औषध आणि किरण हे तिन्ही पर्याय एका आगगाडीच्या अंतरावर आले.

या ठिकाणी शस्त्र आणि औषध यांच्या पलीकडच्या एका वाटेचा उल्लेख केला पाहिजे : रोग होऊच न देण्याची. पंजाबातील, आता हिमाचल प्रदेशात असलेल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा दीर्घ प्रयोग केला; त्याच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताच्या लेखकांत मा. ग. देव आणि म. ग. करमरकर ही मराठी नावेही आहेत. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कोकणातील आगरांचे मीठ शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून आणि पुढे आगगाडीने थळ घाट चढून देशावर जात आले आहे. ते समुद्राचे म्हणून त्यात आयोडीन भरपूर असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. साध्या समुद्रमिठात आयोडीन नगण्य असते, ते बाहेरून घालावे लागते. तथापि मिठाची वाट आयोडीनच्या अभावाने होणाऱ्या गलगंडापुरतीच आहे. गाठ स्वतःच्या बळाने स्राव ओतू लागली असेल, तर तेथे मीठ उपयोगी नाही. आपल्या गिनीपिगाचा रोग या दुसऱ्या जातीचा आहे.

(५) मोजमापात गिनीपिगाचा वाटा

गिनीपिग हा गिनीचाही नव्हे आणि डुक्करही नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात माणसाने पाळलेला तो कुरतडणारा प्राणी. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात तो प्लेगच्या निमित्ताने ठळकपणे येतो. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने येथे जे प्रयोग केले, त्यांत प्लेगने उंदीर मेलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडीत. त्यांच्या अंगावर पिसवा जमत, आणि ते आजारी पडत. पिसवांची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी मात्र वाचत. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हा निष्कर्ष पक्का करण्यात परळच्या या प्राण्यांचा भाग आहे. क्षयाच्या निदानासाठी रोग्याची थुंकी गिनीपिगाला टोचून पाहण्याची रीत तर जगभर होती.

अवटुग्रंथीच्या संशोधनात त्याचे स्थान याहून निकटचे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी अवटुग्रंथीला चेतविते, हे १९२९ मध्ये फ्रान्समध्ये आरोन याने आणि अमेरिकेत लोब व बॅसेट यांनी स्वतंत्रपणे दाखविले. दोन्ही ठिकाणी पोषग्रंथीचा अर्क टोचला गेला तो गिनीपिगांना, आणि चेतलेली ग्रंथी पाहिली गेली ती त्यांचीच. त्यानंतर हा चेतक स्राव मोजण्याचे एककसुद्धा गिनीपिगाच्या ग्रंथीत होणाऱ्या बदलावरून ठरविले गेले. म्हणजे तराजूच्या जागी त्याचे शरीर होते.

१९५६ मध्ये न्यूझीलंडमधील अॅडम्स आणि पर्व्हज यांनी याच तराजूत एक विलक्षण गोष्ट पाहिली. गिनीपिगाच्या ग्रंथीत किरणोत्सर्गी आयोडीन भरून ठेवावयाचे, मग रोग्याच्या रक्तातील द्रव टोचावयाचा, आणि ग्रंथीतून आयोडीन केव्हा व किती सुटते ते मोजावयाचे, अशी त्यांची रीत होती. पोषग्रंथीच्या स्रावाचा परिणाम काही तासांत शिगेला पोहोचून ओसरे. परंतु ग्रंथी अतिरेकाने चालणाऱ्या काही रोग्यांच्या रक्ताने तो फार उशिरा आणि फार वेळ टिके. तेव्हा या रोग्यांच्या ग्रंथीला चेतविणारा पदार्थ पोषग्रंथीचा नसून निराळाच आहे, असे अनुमान निघाले. पुढील दशकात तो पदार्थ म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध निर्माण केलेले प्रतिद्रव्य असल्याचे सिद्ध झाले. ग्रेव्ह्ज रोगाविषयीची आजची सारी समज या शोधावर उभी आहे.

तराजूचे हे काम पुढे काचेच्या नळीत आले. यॅलो व बर्सन यांनी १९६० च्या सुमारास अंतःस्रावांचे अत्यल्प प्रमाण मोजणारी नवी पद्धत बसविली. १९७७ चे नोबेल पारितोषिक तिच्यासाठी यॅलो यांना मिळाले. आरंभी त्यांनी इन्शुलिन मोजण्यास जी प्रतिद्रव्ये वापरली, ती गिनीपिगांत तयार केलेली होती. आज कोणत्याही जिल्ह्याच्या गावी रक्ताचा नमुना देऊन टी-३, टी-४ आणि टीएसएच यांचे आकडे मिळतात. त्या छापील कागदावर गिनीपिगाचे नाव नसते. परंतु ते आकडे ज्या वाटेने आले, त्या वाटेवर तो ठिकठिकाणी उभा आहे.

(६) रुग्ण म्हणून गिनीपिग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरी पाळलेल्या वयस्क गिनीपिगांत अवटुग्रंथीच्या गाठी होतात, आणि त्यांतल्या काही अतिस्राव करतात, ही जाणीव पशुवैद्यकात फार जुनी नाही. बिलरोटच्याच व्हिएन्ना शहरातील पशुवैद्यांनी २०१३ मध्ये अशा चार रुग्णांचा सविस्तर वृत्तांत दिला. चार हा आकडा येथे बोलका आहे. कोखरपुढे हजारो रोगी होते. या प्राण्याच्या बाबतीत शास्त्राचा अनुभव अद्याप मोजक्या रुग्णांवर उभा आहे.

पहिली अडचण मोजमापाची. माणसाची टीएसएच चाचणी माणसाच्याच स्रावाला ओळखणारी असते. ती गिनीपिगाला लागू धरता येत नाही. टी-४ मोजता येते, पण त्याची निरोगी मर्यादा या प्राण्यात वेगळी आहे, आणि माणसाच्या किंवा मांजराच्या आकड्यांवरून तिचे अनुमान करणे धोक्याचे आहे. शिवाय एक किलो वजनाच्या गिनीपिगाच्या अंगात रक्त असते सुमारे सत्तर मिलिलिटर. वारंवार नमुने घेणे म्हणजे त्याला हळूहळू रिता करणे होय.

शस्त्राच्या पक्षी एक मोठा लाभ आहे : गाठ एकाच बाजूस असेल व ती नीट निघाली, तर रोग मुळातून जातो. पण बिलरोटच्या काळची तिन्ही भये येथे पुन्हा उभी राहतात. ग्रंथीचा प्रत्येक भाग अवघ्या काही मिलिमीटरांचा. परावटुग्रंथी तिला चिकटून. स्वरनलिकेची नस शेजारी. माणसाला ज्याची जाणीवही होणार नाही एवढे रक्त, चहाचे दोन-तीन चमचे, गेले तरी या प्राण्याचा जीव कासावीस होतो. त्यात भुलीचा धोका वेगळा. लहान शरीराची ऊब झपाट्याने जाते, आणि हा सतत चरणारा प्राणी काही तास जरी खाईनासा झाला तरी त्याच्या आतड्यांची गती मंदावून तेवढ्याने तो दगावू शकतो. जखमेत पू होऊ नये म्हणून सरसकट पेनिसिलीन देण्याचीही सोय नाही. १९४३ मध्येच असे आढळले की, उंदरांना वाचविणारे हे औषध गिनीपिगांना मारक ठरते, कारण त्यांच्या आतड्यांतील उपयुक्त जंतूंचा समतोल ते बिघडविते. ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९४० मध्ये पहिली परीक्षा उंदरांवर केली, हे पेनिसिलीनचे भाग्यच म्हणावे लागेल.

औषधाच्या पक्षी सुलभता आहे. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल कोणत्याही मोठ्या औषधांच्या दुकानी मिळते. परंतु गोळी माणसाच्या मापाची. तिचा योग्य अंश पातळ औषधाच्या रूपात करून, बहुधा दिवसातून दोनदा, न चुकता तोंडात घालावा लागतो. त्याने गाठ जात नाही, फक्त तिचा स्राव आवरला जातो. मात्रा अधिक झाली तर ग्रंथी मंदावते, कमी पडली तर वजन उतरतच राहते, आणि दोन्हींची पारख करण्यास परत रक्ताच्याच चाचणीकडे यावे लागते. किरणोत्सर्गी आयोडीन हा पर्याय परदेशांत मांजरांसाठी रूढ आहे आणि गिनीपिगांसाठीही वापरला गेला आहे. परंतु त्याला परवाना, विलगीकरण आणि मलमूत्राची खास व्यवस्था लागते. आपल्याकडे पाळीव प्राण्यांसाठी ती सहज मिळणारी नाही.

अशा स्थितीत निर्णय कसा करावा? येथे ‘आजन्म’ या शब्दाचा अर्थ प्रथम तपासावा. मरेच्या रोगी स्त्रीच्या बाबतीत त्याचा अर्थ अठ्ठावीस वर्षे असा झाला. गिनीपिगाचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे. चार वर्षांच्या प्राण्यास ‘आजन्म औषध’ म्हणजे बहुधा दोन-तीन वर्षे. मनुष्याच्या बाबतीत शस्त्राच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद केला जातो, की एकदाचे सोसावे आणि जन्मभर सुटावे, त्याचे वजन येथे बरेच घटते. उलट भूल आणि रक्तस्राव यांचा धोका मात्र शरीराच्या लहानपणामुळे वाढतो. म्हणून सर्वसाधारणपणे औषधाने आरंभ करणे हेच सयुक्तिक ठरते. गाठ श्वासनलिकेवर दाब आणीत असेल, झपाट्याने वाढत असेल, ती घातक जातीची असल्याचा संशय असेल, किंवा औषध सोसत नसेल, तर शस्त्राचा विचार करावा. तोही या प्राण्यांच्या भुलीचा अनुभव असलेल्या शल्यवैद्याकडून, आणि शक्यतो काही काळ औषधाने प्राणी स्थिरावल्यावर. म्हणजे प्लमरच्याच रीतीने.

आणि मोजमाप? ते अंशतः घरीच होऊ शकते. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला घेतलेले वजन, खाल्लेल्या चाऱ्याचा अंदाज, श्वासाचा वेग, आवाजातला बदल आणि रोग किती दिवसांचा आहे याची टिपणवही. ही यादी वाचकाने यापूर्वी पाहिली आहे. सुश्रुताने वैद्यापुढे ठेवलेल्या लक्षणांशी ती जवळजवळ जुळते. याचा अर्थ प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा नव्हे. उपकरण नसते तेथे कोणत्याही काळातील माणसाला याच खुणांवर विसंबावे लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे. रक्ताच्या चाचणीची जोड त्यांना मिळाली तर उत्तमच. पण केवळ तिच्यावर हवाला ठेवता येत नाही.

(७) समारोप

वैद्यकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शोधांच्या चढत्या पायऱ्यांसारखा लिहिला जातो : आधी अज्ञान, मग शस्त्र, मग औषध, मग किरण. वर दिलेली हकीगत या चित्राला पुरती जुळत नाही. एकाच वर्षी, एकाच शहरात, एका रुग्णाकरिता प्रश्न एकविसाव्या शतकाचा असतो आणि दुसऱ्या रुग्णाकरिता तोच १८८० चा असतो. परळच्या परिसरात हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयही तेथेच आहे. या संस्थांमधील अंतर पायी चालण्याजोगे आहे. परंतु गिनीपिग एका इमारतीत साधन म्हणून गेला आणि दुसरीत रुग्ण म्हणून जातो, तेव्हा पहिल्या इमारतीतले ज्ञान दुसरीत त्याच्या सोबत आपोआप जात नाही. ज्ञान मिळाले ते त्याच्या शरीरातून. पण ते जमविताना प्रश्न माणसाचा होता. त्याच्या ग्रंथीने कसे वागावे हे आपण तपशिलाने टिपले. ती आजारी पडल्यास काय करावे, हे कोणी विचारलेच नव्हते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आपल्या देशात १९६० मध्ये झाला, आणि प्रयोगांतील प्राण्यांच्या वागणुकीवर देखरेखीची तरतूद त्यात आहे. कायदा वेदना कमी करू शकतो. ऋणाची नोंद ठेवणे हे इतिहासकाराचे काम आहे. प्रयोगशाळांच्या अहवालांत, प्राणिगृहांच्या नोंदवह्यांत आणि पशुरुग्णालयांच्या वार्षिक वृत्तांतांत या नोंदीची सामग्री आहे. मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय इतिहासावर काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्या कागदांकडे या दृष्टीने पाहावे, अशी सूचना करावीशी वाटते.

घाट चढून इगतपुरीस परतणाऱ्या त्या कुटुंबाच्या हाती बहुधा पातळ औषधाची एक बाटली आणि दर आठवड्याच्या वजनाकरिता एक कोरी वही असेल. तीन महिन्यांनी वजन सावरले असेल, तर त्यांचा निर्णय योग्य ठरला. न सावरल्यास शस्त्राचा प्रश्न पुन्हा विचारात घ्यावा लागेल, आणि तेव्हा ती वहीच त्यांचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असेल.